वॉरंटीतली खांदेमळणी

मला कुठलीही वस्तू घेताना वॉरंटी विचारायची खोड आहे. मिक्सर, पंखा, छत्री, चपला, काहीही असो. केजच्या बाजारात एकदा मी कलिंगडवाल्याला विचारलं, आतून लाल निघेल याची खात्री काय, तर त्याने माझ्या हातातलं कलिंगड काढून घेतलं, परत ढिगावर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, तुमी केळी घ्या." हा किस्सा आमचे अण्णा येईल त्या पाहुण्याला सांगतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि त्याचं कारण कुणी विचारलं तर मी तोंड उघडायच्या आत अण्णाच सांगून मोकळे होतात, "नवऱ्याची वॉरंटी कुणी देत न्हाई म्हणून थांबलीय."

तर स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायचं मी ठरवलं, त्या दिवसापासून आमच्याकडे दोन पक्ष पडले. एका पक्षात मी एकटी. दुसऱ्यात अण्णा आणि चाचा. आई दोन्हीकडून बोलायची, ज्या बाजूने चहा मागितला जाईल तिच्या उलट बाजूने.

चाचा म्हणजे अण्णांचे जुने मित्र. अंबाजोगाई रोडला त्यांचं गॅरेज. अण्णांनी सगळी उमेद केज ते परळी काळीपिवळी जीप चालवण्यात घालवली, आणि ती जीप चाचांनी चालती ठेवली. परळीहून आली की तिच्या काचेवर तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा थर असायचा आणि अण्णा आधी गॅरेजवर जायचे, मग घरी. आई म्हणायची, ह्यांचं लग्न नक्की कुणाशी झालंय ते एकदा बसून ठरवायला पाहिजे. चाचा अण्णांना 'ड्रायव्हर' म्हणतात, अण्णा त्यांना 'मिस्त्री'. दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. रोज भांडतात, रोज भेटतात. चाचा नम्र वगैरे अजिबात नाहीत. तालुक्यातलं प्रत्येक इंजिन आपल्याला विचारूनच बिघडतं, अशा थाटात बोलतात.

गाडी बघायला आम्ही तिघं बीडला गेलो. दोन शोरूम एकाच रस्त्यावर, समोरासमोर. एक जुन्या, नावाजलेल्या कंपनीचं. तिथे वॉरंटी दोन वर्षांची. दुसरं नव्याने आलेल्या कंपनीचं. तिथे पाच वर्षांची. 'पाच' हा शब्द ऐकल्यावर मी समोरच्या दुकानाकडे परत वळूनही बघितलं नाही.

चाचांनी मला रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाच्या गाड्यावर बसवलं. "बेटा, जरा इचार कर. त्यो जुना दोनच वर्सं कावून देतो? कारण त्याला गरज न्हाई. त्याची गाडी समद्यांना म्हाईत हाय, गावोगाव तिचा मिस्त्री हाय. ह्यो नवा. ह्याला कोण वळखत न्हाई. मंग ह्यो पाच वर्सं देणारच. नवा जावई पैल्या दिवाळीला कसा वाकून वाकून बोलतो, तसं हाय हे."

मी म्हटलं, "पण चाचा, पाच वर्षांत काही मोडलं तर खर्च त्याच्याच अंगावर येणार ना? रोज बिघडणारी गाडी विकायची आणि मग स्वतःच्याच पदरचं घालून ती दुरुस्त करत बसायचं, एवढा खुळा आहे का तो? त्याला आपल्या मालाचा भरवसा आहे म्हणून देतो."

"भरवसा असंल. नायतर गरज असंल."

"दोन्ही असंल की बे," अण्णा मध्येच म्हणाले. "तुझा रस पी."

मला आजही वाटतं की त्या दिवशी आम्ही दोघंही बरोबर होतो. पण पगार माझा होता, म्हणून गाडी पाच वर्षांची आली.

किल्ली देताना शोरूमच्या माणसाने पेढा दिला, फोटो काढला आणि सांगितलं, "फक्त एक लक्षात ठेवा मॅडम. पाच वर्षं बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही. सर्व्हिसिंग, दुरुस्ती, सगळं आमच्याकडेच. नाहीतर वॉरंटी गेली म्हणून समजा." चाचा तेव्हा गाडीला टेकून उभे होते, तळहात बोनटवर. त्यांनी हात उचलला. खिशातून रुमाल काढून ती जागा पुसली. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि छताकडे बघत उभे राहिले. त्या दिवसापासून आमच्या गाडीजवळ चाचा आले की त्यांचे हात पाठीमागे. लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या माणसासारखे गाडीभोवती फिरायचे, वाकून बघायचे, कान लावायचे, पण हात पुढे नाही. अण्णा चिडायचे. चाचा म्हणायचे, "न्हाई बाबा. कंपनीची लेक हाय ती. अजून म्हायेरीच नांदती."

एवढं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मध्ये खांदेमळणी होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. गरम पाण्याने शेकून, हळद आणि लोणी लावून, वर्षभर जू वाहिलेला खांदा हाताने चोळायचा आणि बैलाला सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आम्हाला शेत नाही, बैल कुठून असणार. पण अण्णांचं म्हणणं, घर ज्याच्या खांद्यावर चालतं त्याचा खांदा मळायचा. म्हणून मला आठवतंय तेव्हापासून दरवर्षी त्या संध्याकाळी जीप चाचांच्या गॅरेजवर जायची. चाचा ऑइल बदलायचे, ग्रीस भरायचे, सगळं आवळून घ्यायचे. मग आईने दिलेली हळद-लोण्याची वाटी घ्यायचे आणि इंजिन ज्या रबरावर बसलेलं असतं तिथे बोटभर लावायचे. चाचांच्या मते गाडीचा खांदा तोच. सगळा भार तिथे येतो. अण्णा बोनटवर हात ठेवून जीपला आवतण द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चाचा आमच्याकडे पुरणपोळीला यायचे. जीपच्या वतीने जेवतो, असं म्हणून ते दोन माणसांचं जेवायचे. जीप विकली त्या वर्षी अण्णा पोळ्याला बाहेरच्या खोलीत आले नव्हते.

आता गाडी पुन्हा दारात होती, आणि बोनट बंद. पहिल्या वर्षी अण्णांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. "साहेब, हळद-लोणी लावलं तर वॉरंटी जाती का?"  पलीकडे कुणाला तरी विचारल्याचा आवाज. मग उत्तर आलं, "काका, बाहेरून लावा."

म्हणून बाहेरून. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला आई हळद-लोण्याचं बोट लावायची. चाचा धुतलेले कपडे घालून, हात पाठीमागे बांधून बघत राहायचे आणि सूचना करायचे. "वहिनी, जरा वर. हां. आता कंपनीला इचारून अजून थोडं वर." सगळे हसायचे. अण्णाही हसायचे, पण आवतण देताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता.

बाकी वॉरंटीचे दिवस मी मनापासून भोगले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गाडीत जरा खुट्ट झालं की मी बीड गाठायची. दाराचा आवाज, सीटचा आवाज, एकदा तर माझ्याच पाण्याच्या बाटलीचा आवाज. सर्व्हिस सेंटरच्या थंडगार खोलीत फुकटची कॉफी मिळायची आणि अण्णांना तिची चटक लागली. एकदा पुढच्या चाकाजवळचा एक मोठा भाग त्यांनी एक पैसा न घेता नवा बसवून दिला, तेव्हा अण्णा निवडणूक जिंकल्यासारखे गॅरेजवर गेले आणि सगळ्यांना चहा पाजला. पण बोनट ते स्वतःही उघडायचे नाहीत. वायपरचं पाणी भरायलासुद्धा बीडला जायचे. "पुस्तिकेत लिहिलंय अण्णा, पाणी आपण भरू शकतो," मी ओरडायची. ते हळू आवाजात म्हणायचे, "उघडलं की त्येंला कंप्युटरवर कळतं माय."

शाळेतल्या एका सरांनी तेव्हाच समोरच्या दुकानातली, दोन वर्षांवाली गाडी घेतली होती. त्यांची वॉरंटी कधीच संपली आणि ते चाचांचे गिऱ्हाईक झाले. दर शनिवारी गॅरेजवर बसायचे, वडापाव खायचे, गप्पा ऐकायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा असं नाही. तरी शनिवारी तिकडून जाताना मी गाडी हळू करायची. चाचा एकदा म्हणाले, "पैलं नवी गाडी वर्साच्या आत माझ्याकडं यायची. आता जो तो वॉरंटी वाढवायला लागलाय. गाड्या नुसत्या हारन वाजवत दारावरून जात्यात." तक्रार नव्हती ती. पाऊस लांबला म्हणावं तसं म्हणाले.

पाचव्या वर्षी एका दुपारी अण्णा गॅरेजवरून लवकर परत आले आणि न जेवता पडून राहिले. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. चाचांचा मुलगा पुण्याजवळ चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे, तो त्यांना कायमचं बोलावतोय. गुडघे दुखतात, गाडीखाली झोपून उठता येत नाही. दिवाळीनंतर शटर ओढायचं ठरलंय. "ह्यांचं एकच म्हणणं हाय," आई म्हणाली. "जायच्या आधी एकदा मिस्त्रीनं आपल्या गाडीची खांदेमळणी करावी. पैल्यासारखी. बोनट उघडून. पन तुला सांगायचं न्हाई म्हणत्यात. गाडी तुझी हाय."

मी दिनदर्शिका उघडली. आम्ही गाडी श्रावणात घेतलेली. वॉरंटी संपत होती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे चाचांची शेवटची खांदेमळणी वॉरंटीच्या आतच पडत होती, अगदी काठावर. अण्णांनीही ते बघून ठेवलं होतं. "पोळा तीन दिवस थांबला असता तर कुणाचं काय गेलं असतं," असं ते अमावस्येवरच रागावून म्हणाले.

त्याच आठवड्यात शोरूममधून एका मुलीचा फोन आला. आवाज इतका गोड की नाही म्हणणं अवघड. वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवून मिळेल. फक्त मुदत संपायच्या आत गाडी आणून तपासून घ्यायची, आणि बाहेर कुठे उघडलेली नसावी. त्यांचं गणित मला कळत होतं. पाच वर्षं झाली की गिऱ्हाईक घराजवळच्या मिस्त्रीकडे जातं, ते आणखी दोन वर्षं धरून ठेवायचं. पण माझंही गणित होतं. शाळेतल्या एका बाईंनी गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने किती किलोमीटर पळाली हे नंतर विचारलं, आधी विचारलं वॉरंटी किती उरलीय. आणि खरं सांगायचं तर वॉरंटीशिवाय गाडी दारात उभी असेल या विचारानेच मला झोप लागली नसती. मी पोळ्याच्या सकाळची वेळ घेतली. शाळेला सुट्टी, शोरूम दुपारपर्यंत उघडं.

अण्णांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीचा आरसा पुसत राहिले. आधीच स्वच्छ होता तो. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. भांडले असते तर मी जिंकले असते. माणूस "बरं" म्हणाला की काय करायचं.

खांदेमळणीच्या संध्याकाळी चाचा आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हात पाठीमागे. आईने वाटी आणली. त्या वर्षी अण्णांनी ती तिच्या हातातून घेतली. बोटभर लोण्यावर त्यांचं समाधान होईना. ते गुडघ्यावर बसले, चाकावरच्या कमानीच्या आत हात घातला आणि जितका आत जाईल तितका घालून, खऱ्या खांद्याच्या जेवढ्या जवळ पोचता येईल तेवढ्या जवळ, मूठभर लोणी थापलं. मग पुढच्या जाळीतून आणखी. "बोनट न्हाई उघडलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पुस्तिकेत बग, लिवलंय का कुठं."  अण्णांचा हात बाहेर आला तो कोपरापर्यंत पिवळा. मग त्यांनी आवतण दिलं.

सकाळी मी तयार होऊन गाडीत बसले. अण्णा शेजारी, कॉफीच्या आशेने का होईना, नवा शर्ट घालून. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मी खाली उतरले आणि पुढून बघितलं, तर बंपरवरून जाळीपर्यंत हळदीचे बारीक बारीक पिवळे पाय उमटलेले. खाली जमिनीवर वायरीच्या काळ्या सालीचे तुकडे. लोण्याच्या वासाने उंदीर आत शिरला होता, पोटभर जेवला होता आणि तोंड पुसायला वायर घेतली होती.

मी शोरूमला फोन लावला.

"उंदीर?" गोड आवाज जरा अडखळला. "मॅडम, उंदीर वॉरंटीत येत नाही."

"मला माहितेय. पुढचं सांगा."

पुढचं तिने नीट सांगितलं. गाडी ओढून न्यावी लागेल. सणामुळे आज माणूस नाही, उद्या सकाळी पाठवतील. वायरीचा खर्च आम्ही द्यायचा. पण तपासणी उद्याही चालेल, उद्या शेवटचा दिवस आहे, वॉरंटी वाढवून मिळेल. "फक्त तोपर्यंत बाहेरच्या कुणाला बोनट उघडू देऊ नका." म्हणजे माझं काहीच बुडत नव्हतं. एक दिवस थांबायचं होतं फक्त.

अण्णांचा चेहरा पडलेला. आपण थापलेल्या लोण्यानेच हे झालं हे त्यांना कळलं होतं आणि मी आता बोलेन म्हणून ते वाट बघत होते. तेवढ्यात चाचा जेवायला आले. त्यांनी पिवळे पाय बघितले, तुकडे बघितले, वाकून जाळीत बघितलं, आणि मग ते हसायला लागले. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण हात पाठीमागेच. हसताना माणूस पोट धरतो, डोळे पुसतो. चाचांनी तेही केलं नाही. डोळ्यांचं पाणी गालावरून तसंच वाहू दिलं. आणि मग अगदी गंभीर होऊन म्हणाले, "कंपनीला फोन करा."

मी फोन ठेवून दिला. हा माणूस दिवाळीनंतर जाणार आणि पाच वर्षं बांधलेले हात तसेच घेऊन जाणार. मला एकदम दिसलं की दोन वर्षं आणखी मिळाली तरी त्यात हा दिवस मिळणार नाही.

"चाचा," मी म्हटलं, "हात पुढं घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. "आन् वॉरंटी?"

"उंदरानं खाल्ली."

अण्णा असे धावले की त्यांचेही गुडघे दुखतात हे मी विसरूनच गेले. गॅरेजवरून हत्यारांची पिशवी आणली. आईने चाचांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून अण्णांचा जुना खाकी शर्ट चढवला. आणि मग तालुक्यातले सगळ्यात मोठे मिस्त्री आणि सगळ्यात जुने ड्रायव्हर आमच्या गाडीचं बोनट कुठून उघडतं ते शोधत बसले. पाच वर्षांत दोघांनाही ते माहीत करून घ्यायची वेळ आली नव्हती. एकाने पेट्रोलचं झाकण उघडलं, दुसऱ्याने डिकी. शेवटी मी पुस्तिका आणली आणि खटका दाखवला.

बोनट वर गेलं. चाचा आत वाकले. मग एकेका वायरीवरून, एकेका नळीवरून सावकाश बोट फिरवलं. "लई जपून बसवलंय बे," ते अण्णांना म्हणाले. "माझं पोरगं सांगतं. कंपनीनं वॉरंटी लांबवली की तिकडं साहेब लोकांची झोप उडती. एक एक बोल्ट दोनदा बगायला लावत्यात. उद्या पाच वर्सं फुकट करत बसण्यापरीस आजच नीट करा म्हणत्यात." मग माझ्याकडे वळून, जरा नाखुशीनेच, "तुजं बी बरोबर होतं बेटा. भरवसा हाय ह्येंचा."

मी म्हटलं, "तुमचंही होतं. गरजही आहे. काल पाच वेळा फोन आला."

लोण्याचा उरलेला गोळा सापडला, त्यावर दातांच्या खुणा. तुटलेल्या वायरी सापडल्या. चाचांनी साली सोलल्या, जोडल्या, पट्टी गुंडाळली आणि रुबाबात म्हणाले, "लाव ड्रायव्हर." अण्णांनी किल्ली फिरवली आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. नेमके गल्लीतून सजवलेले बैल चालले होते, शिंगांना बेगड, अंगावर झुली. ते बिथरले, ताशेवाला बाजूला झाला, कुणीतरी ओरडलं, "कोण हाय बे त्यो?" चाचा बोनटमध्ये डोकं घालून ओरडले, "मी हाय बे. वॉरंटीचं काम चाललंय." जोडलेलं परत सोडलं, परत जोडलं. गल्लीतली अर्धी माणसं बैलांसकट आमच्या दारात उभी. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन लागलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग चाचांनी वाटी मागितली. बोटभर लोणी, हळद. इंजिनाच्या त्या रबरावर, भार येतो तिथे, त्यांनी अगदी सावकाश लावलं. या वेळी जेवढं लागतं तेवढंच, आणि लगेच फडक्याने पुसून घेतलं. उंदराला पुन्हा आवतण नको म्हणाले. अण्णांनी बोनटवर हात ठेवला. "आज आवतण घ्या," त्यांनी सुरू केलं, आणि अडकले, कारण ते कालचं वाक्य होतं. आज तर पोळाच होता. आई दारातून म्हणाली, "आवतण किती येळा देता? पानं वाढलीत, थेट जेवायला बसा."

हात धुताना मी चाचांना विचारलं. खोड ती खोड. "ह्या जोडाची वॉरंटी किती?"

चाचांनी साबण बाजूला ठेवला. "पुढच्या खांदेमळणीपातूर."

"एवढीच? कंपनी पाच वर्षं देते."

"जास्त दिली तर तुमी परत येताल कशाला?"

अण्णा पाण्याचा तांब्या धरून उभे होते. "तू तर पुण्याला चाललास ना बे?"

"चाललोच की. दिवाळीनंतर जातो, पोळ्याला येतो. वॉरंटी दिलीय, यावं लागंल."

 अण्णा तांब्यातलं पाणी चाचांच्या हातावर ओतत राहिले, साबण निघून गेला तरी. जेवताना मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माय, लिवून घे त्याच्याकडून." मी नाही घेतलं. कलिंगडाची खात्री विचारणारी बाई मी, पण ते मी लिहून घेतलं नाही. बीडच्या मुलीला दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं, तिने गोड आवाजात कारण विचारलं, आणि मी म्हटलं, घरातल्या मिस्त्रीने वॉरंटी दिलीय. त्या दुपारी चाचांनी भरल्या पोटी जीपच्या वाटणीचीही पुरणपोळी खाल्ली.

दिवाळीनंतर शटर ओढलं गेलं. अण्णा पहिले काही दिवस सवयीने तिकडे जाऊन परत यायचे. गाडी नीट चालते. एक दाराचा आवाज आहे, मी तो तसाच ठेवलाय.

काल खांदेमळणी होती. अण्णा दुपारपासून बसस्टँडवर जाऊन बसले होते. पुण्याची एसटी उशिरा आली. चाचा सगळ्यात शेवटी उतरले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात नातवाने आमच्यासाठी दिलेला उंदराचा पिंजरा. दोन्ही हात पुढे होते.